नावे आणि जमा

बँकेत वीस वर्षं खर्डेघाशी केलेल्या माणसाला जगात दोनच बाजू दिसतात : एक नावे आणि दुसरी जमा. शेजाऱ्याची दाढ दुखली तरी आमच्या मनात पहिला प्रश्न येतो, रक्कम कुणाच्या नावे टाकायची? आजाराच्या बाबतीत आपण मध्यमवर्गीयांनी हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. तब्येत ठणठणीत असली, की ती आपल्या खात्यावर जमा. कारण पहाटेचं उठणं, मेथीचं पाणी आणि वज्रासन. दुसऱ्याची बिघडली, की ती त्याच्याच नावे. ‘‘खाण्यावर ताबा नाही हो त्यांचा!’’ असं आपण भेटीला नेलेली मोसंबी खाटेजवळ ठेवता ठेवताच कुजबुजतो.

आमच्या थेरगावात पवनेकाठी सकाळी तब्येत कमावणाऱ्यांची झुंबड असते. त्यांत एक निवृत्त साहेब आहेत. पेन्शन चालू, साखर ताब्यात. त्यामुळे सल्ला फुकट. परवा त्यांच्या तावडीत गल्लीतला एक पोरगा सापडला. चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर आहे. रात्रपाळी संपवून डांगे चौकात उतरून घरी निघालेला. साहेब म्हणाले, ‘‘ऐन तिशीत हे पोट? रोज तासभर चाल. आठला जेव, दहाला झोप.’’

पोरगा अदबीनं म्हणाला, ‘‘काका, दहाला मी प्रेसवर असतो. तिथं झोपलो तर तब्येत सुधारेल, पण बोटं राहायची नाहीत.’’

आता, साहेबांचा सल्ला खोटा नव्हे. चालावं, वेळेवर झोपावंच. पण सल्ला पाळायला लागणारी रात्र कुणी द्यायची? साहेबांना ती नोकरीनं दिली होती. जमा मात्र त्यांनी स्वतःच्या नावावर दाखवली.

हा घोळ एकट्या थेरगावचा नाही. लंडनमध्ये १९६७ पासून सतरा-अठरा हजार सरकारी नोकरांच्या तब्येतीची पाहणी झाली. सगळे पुरुष, बहुतेक आमच्यासारखेच खुर्चीवाले. उपाशी कोणी नाही आणि सरकारी दवाखाना सगळ्यांनाच मोफत. तरी मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की सर्वांत खालच्या पायरीवरच्या शिपायांत मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट! मधले आम्ही कारकून, मरणातही मध्येच. सिगारेट, रक्तदाब, चरबी सगळं वजा घातलं, तरी बराचसा फरक शिल्लकच. पुढच्या पाहणीत असंही दिसलं, की आपल्या कामावर आपला ताबा नसणं हेही हृदयाला बाधतं. म्हणजे प्रमोशनच्या परीक्षेचा फॉर्म औषधाच्या दुकानात ठेवायला हरकत नाही.

आपल्या देशाला हे अगदीच कळलं नव्हतं असं नाही. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. आजार एकट्याच्या नावे टाकू नये, हे त्याचं तत्त्व. २०१९ साली ठरलेला हिस्सा असा : पगाराच्या पाऊण टक्का कामगाराचा, सव्वातीन टक्के मालकाचा. त्याच्या बदल्यात दवाखाना आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. पण कायद्याला पगाराची मर्यादा असते. २०१७ साली ती २१ हजार झाली. त्यावर एक रुपया चढला, की चालू सहामाही संपताच विमा रामराम ठोकतो. जणू क्षयाचे जंतू आधी पगाराची चिठ्ठी वाचतात!

‘‘म्हणजे आम्ही चकल्या खाव्यात आणि बिल मालकाला पाठवावं काय?’’ असं साहेब विचारतील. नाही. चकली ज्याची त्याच्याच नावे. पण रात्रपाळी, धूर, कंत्राट संपायची धास्ती यांच्या पावतीवर त्या पोराची सही नाही. ती त्याच्या खात्यात का घालायची? तब्येत हे जॉइंट खातं आहे. त्यात माणूस भरतो, मालक भरतो, सरकार भरतं. आणि काढतातही सगळेच. बँकेत अशा खात्यावर अट लिहितात : ‘दोघांपैकी कोणीही, किंवा हयात राहील तो.’

या खात्याला तेवढी अट नसावी, एवढंच माझं म्हणणं आहे.