दुसऱ्याची बाजू

शाळेच्या अभिरूप संसदेत आपल्या मुलाला विरोधी बाकावर बसवले, आणि जे विधेयक त्याला मनापासून पटते त्याच्याच विरुद्ध बोलायला सांगितले, तर ख्रिस्ती आईबापांनी काय म्हणावे? होकार व नकार यांविषयी प्रभूने डोंगरावरील प्रवचनात जे शिकवले (मत्तय 5:37) ते आपण शब्बाथशाळेत पाठ करून घेतो. आणि सोमवारी तोच मुलगा न पटलेल्या गोष्टीची तरफदारी करतो. हा खोटेपणा नव्हे काय?

अशा संसदेची प्रथा जुनी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात 1936 साली वाय.एम.सी.ए.ने हायस्कूलच्या मुलांना हाती धरून हा उपक्रम सुरू केला. आपल्याकडे 1962 साली मुंबईत भरलेल्या प्रतोदांच्या अखिल भारतीय परिषदेने शाळा-कॉलेजांतून असे खेळ व्हावेत अशी शिफारस केली, व 1966-67 साली दिल्लीच्या शाळांत युवक संसद सुरू झाली. प्रश्नोत्तरे, निवेदने, विधेयक, मतदान, सारे तासाभरात. कोट घातलेला 'मंत्री' पाहून आजीबाईंना कोण कौतुक वाटते!

मला वाटते, दिलेली बाजू मांडण्यात असत्य नाही. सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक असते की ती नेमून दिलेली आहे. तेथे कोणी फसत नाही. आणि ज्याला प्रतिनिधी व्हायचे त्याला जन्मभर दुसऱ्यांच्याच वतीने बोलावे लागते. हे आपण अल्पसंख्याकांनी तरी विसरू नये. 6 डिसेंबर 1948 रोजी घटना समितीत धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली. आजचे 25 वे कलम ते हेच. त्यातील 'प्रसार' हा शब्द राहावा की जावा, असा प्रश्न होता. तजम्मुल हुसेन यांना तो नको होता. लोकनाथ मिश्र यांनीही कडाडून विरोध केला. शब्द राहावा म्हणून कोण बोलले? पंडित लक्ष्मीकांत मैत्र, टी. टी. कृष्णम्माचारी आणि कन्हैयालाल मुन्शी, तिघेही हिंदू. कृष्णम्माचारींनी तर सांगितले की आपण सुमारे चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण धर्मांतराचा प्रयत्न आपल्यावर कोणी केला नाही. आपल्या शेजाऱ्याने ख्रिस्ती व्हावे, अशी या तिघांची इच्छा होती असे मानायला जागा नाही. तरी ते आपल्यासाठी उभे राहिले, आणि शब्द राहिला. आज आपण उघडपणे सुवार्ता सांगतो, तिला त्या दिवसाच्या मतदानाचा आधार आहे.

तेव्हा दुसऱ्याची बाजू मांडायला मुले शिकत असतील तर शिकू द्या. मर्यादा एवढीच की आकडा खोटा सांगू नये, आणि प्रतिपक्षाच्या तोंडी तो न बोललेले घालू नये. टाळ्यांसाठी हे दोन्ही करण्याचा मोह मोठ्या सभागृहांतही आवरत नाही, मग पंधरा वर्षांच्या मुलाचे काय!

माझी खरी तक्रार निराळीच आहे. पुष्कळ ठिकाणी भाषणे शिक्षक लिहितात, मुले ती घोकतात, आणि विधेयक संमत होणार हे तालमीतच ठरलेले असते. मुलगा हात वर करतो तो सरांनी सांगितले म्हणून. भाषण दिलेले असले तर चालेल. मत दिलेले असणे हा मात्र निखालस खोटेपणा आहे, आणि तो आपण लोकशाहीच्या नावाने शिकवतो. युक्तिवाद ऐकून मन बदलण्याची वाटच जर बंद केली, तर मग चर्चा तरी कशाला?

आपल्या तरुण संघांनी व शब्बाथशाळांनी हाच 6 डिसेंबरचा प्रसंग एखाद्या संध्याकाळी घ्यावा. त्या दिवसाची भाषणे छापलेली आहेत. मैत्रांची बाजू घ्यायला सगळेच धावतील. लोकनाथ मिश्रांची बाजू मात्र वर्गातील सर्वांत हुशार मुलीकडे किंवा मुलाकडे द्यावी. त्यांना कशाची भीती वाटत होती, ती भीती आपल्या आजच्या शेजाऱ्यांपैकी कोणाला वाटते, हे तिने किंवा त्याने स्वतः वाचून, शोधून मांडावे. कोणी थट्टा करू लागल्यास सभापतीने थांबवावे. भाषण लिहून देऊ नये. मग चिठ्ठ्यांवर मते घ्यावीत, आणि शिक्षकांनी मोजणी होईपर्यंत खोलीबाहेर बसावे. पाळकसाहेबांनीही.