मीटर कुणाचं पाणी मोजतं?

वस्तीत पाण्याचं मीटर बसणार म्हटलं की आपण बोंबलतो, पैसे काढायचा नवा धंदा म्हणून. बोंबलायलाच पाहिजे. पण आधी ते वाचायला शिका.

काळे आकडे म्हणजे हजार हजार लिटरचे युनिट. लाल आकडे त्याच्या खालचे, ते सोडून द्या. मागच्या महिन्यात काळे 412 होते, आज 416. म्हणजे 4 हजार लिटर. घरात माणसं पाच, दिवस तीस. माणशी रोजचे 27 लिटरही भरत नाहीत. 2019 च्या जलजीवन मिशनचं माप माणशी 55 लिटर. त्या हिशेबानं 8 हजार 250 यायला हवे होते. निम्मंही आलं नाही.

आता सांगा, हा आकडा बिल आहे की पुरावा?

मीटरला जात कळत नाही, असं शहाणे सांगतात. खरंय. पाणवठ्यावरच्या माणसाला कळायची, म्हणून तर 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यात ओंजळ घालावी लागली. पण पाइप कुठून न्यायचा ते मीटर ठरवत नाही. वस्ती लाइनच्या शेपटाला असली की आधी हवा येते, आणि हवेवरही मीटर फिरतं. कोरड्या नळाचे पैसे! याला समान न्याय म्हणायचं?

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, आपल्या ढोकीच्या लाइनीवरूनच. दहा वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर, देशभर बातमी. त्याच मुलखात उसाच्या बोअरनं किती उपसलं, ते कोण सांगणार? पुष्कळ पंपांचं बिल हॉर्सपॉवरवर, आणि 2024 पासून साडेसातपर्यंतचं तर सरकारच भरतं. घागर मोजायची, ऊस मोजायचा नाही. (दोन एकर कोरडवाहूवाल्याला मी यात धरत नाही.)

चवदार तळ्याचा खटला हायकोर्टात 1937 ला संपला. आपली वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे सवर्णांना शाबीत करता आलं नाही. पुरावा मागितला तेव्हा परंपरा लटपटली. आता पुरावा आपण गोळा करायचा. नळ कधी आला, तेव्हाचा आकडा, गेला तेव्हाचा आकडा, हवा किती वेळ आली. मीटर नसेल, ठोक पाणीपट्टी असेल, तर घागरी मोजा. शाळकरी पोरगीसुद्धा हे टिपू शकते. ती वही ग्रामसभेत ठेवा. सरपंच म्हणाले, मीटरच चुकीचं आहे, तर मग बिलाचं काय, एवढं विचारा.