नव्व्याण्णवांचे काय?

ख्रिस्ती धर्मग्रंथात ईश्वराला मेंढपाळ म्हटले आहे, हे पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असते. पण या दृष्टान्तात एक अडचण आहे, आणि ती चुकवून नुसते गोड बोलणे मला बरे वाटत नाही. पूर्वपक्ष सबळ मांडावा, मगच उत्तराला हात घालावा, असे आमचे गुरुजी पाठशाळेत सांगत. त्याच रीतीने जाऊ.

आधी कथा ऐका. लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात येशूने ती सांगितली आहे. एकाची शंभर मेंढरे, त्यांतले एक हरवते. धनी नव्व्याण्णव तिथेच रानात ठेवतो आणि त्या एकाच्या शोधाला निघतो. सापडले की रागावत नाही, मारीत नाही. आनंदाने खांद्यावर घेतो, घरी येतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतो. पुरते वाढलेले मेंढरू मणाला येते, हे लक्षात ठेवा. मत्तयाच्या १८ व्या अध्यायातही हीच कथा आहे. तिथे नव्व्याण्णव डोंगरावर राहतात.

आता आक्षेपक उठतो. 'अहो, हा कसला मेंढपाळ? एकासाठी नव्व्याण्णव लांडग्याच्या तोंडी! हिशेबाचे सोडा, पण न्याय? जी बिचारी निमूट मागून चालली, त्यांचा अपराध कोणता?'

शंका पोरकट नाही. ज्या घरात एक मूल अंथरुणाला खिळलेले असते, त्या घरातल्या धडधाकट मुलाला विचारून पाहा. आईचे सारे लक्ष तिकडे. हा वेळेवर जेवतो, अभ्यास करतो, हट्ट धरीत नाही. आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी पाहत नाही. असली मुले मोठी होऊन माझ्यापुढे बसलेली मी पाहिली आहेत. 'आम्ही नीट वागलो, हेच चुकले का?' असे विचारताना पन्नाशीच्या माणसाचा आवाज कापतो.

दुसरा आक्षेप यापेक्षा जुना आहे. मेंढपाळ राखतो तो लोकरीसाठी नि मांसासाठी, मेंढरांवरच्या मायेने नव्हे. प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या पहिल्याच भागात थ्रॅसिमाकस नावाचा वादी सॉक्रेटिसाला हे ठणकावून सांगतो. याचे उत्तर मात्र योहानाच्या १० व्या अध्यायात सरळ मिळते: मोलकरी लांडगा पाहून पळतो, चांगला मेंढपाळ आपला प्राण देतो. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर सापडलेला इ. स. पूर्व सहाव्या शतकातला एक पुतळा आहे. त्यातल्या माणसाच्या खांद्यांवर वासरू आहे, ते बळी द्यायला चालले आहे. पुढे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात रोमच्या भुयारी दफनस्थानांत ख्रिस्ती लोकांनी चित्रे काढली, त्यांतही तरुण मेंढपाळाच्या खांद्यांवर पशू आहे. ठेवण तीच, पण अर्थ उलटला. इथे मेंढरू घरी जाते आणि मरणाला जातो तो मेंढपाळ. असो.

नव्व्याण्णवांचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. तो विचारतो कोण, ते पाहिले पाहिजे. येशूजवळ जकातदार आणि पापी म्हणून ओवाळून टाकलेले लोक येत. जकातदार म्हणजे परक्या रोमन सत्तेच्या नावाने आपल्याच माणसांना नाडणारा. हा यांच्या पंक्तीला बसतो, अशी परूशी आणि शास्त्री कुरकुर करू लागले, तेव्हा त्यांना उद्देशून ही गोष्ट सांगितली. ज्यांना यहेज्केल संदेष्ट्याचा ३४ वा अध्याय मुखोद्गत असणार, असे हे लोक. त्या अध्यायात इस्राएलच्या राज्यकर्त्यांना मेंढपाळ म्हणून दोष दिला आहे: चरबी खाल्ली, लोकर पांघरली, हरवलेल्याला शोधले नाही. आणि मग ईश्वर म्हणतो की आता मी स्वतः शोधीन. तेव्हा एकासाठी निघणे ही लहर नव्हे. राखणदाराच्या धर्मातले जे सगळ्यांनी टाकले, तेच तो उचलतो आहे.

आमच्या भागात दिवाळीनंतर धनगरांचे वाडे उतरतात, शेतकरी खतासाठी रानात मेंढरे बसवतात. उघड्यावर राहणारा मेंढपाळ इकडचा काय नि तिकडचा काय, असे मनाशी म्हणून एका म्हाताऱ्याला मी हाच प्रश्न घातला. तो हसला. 'महाराज, मागं बायको असती, पोरगं असतं, कुत्री असत्यात. पर कुनी नसलं तरी जावंच लागतंय. एक गेलं म्हनून गप बसलो, तर बाकीची राखतोय असं म्हनायला तोंड कुठं ऱ्हायलं?'

शास्त्रार्थ करून मला जे सापडले नव्हते, ते त्याने एका वाक्यात ठेवले. जो धनी एकाला तोट्याच्या खात्यावर मांडतो, त्याच्या कळपात उरलेली नव्व्याण्णव सुरक्षित नसतात. ती फक्त अजून हरवलेली नसतात. तो एकासाठी जातो म्हणूनच प्रत्येकाला भरवसा की माझ्यासाठीही निघेल.

काही जण कथेत मागे एक राखणदार उभा करून मोकळे होतात. मला ते पटत नाही; मूळ कथेत तो नाही, आणि लांडगा येणारच नाही असे वचनही नाही. दाविदाच्या नावाचे २३ वे स्तोत्र मेंढपाळाचेच आहे, पण त्यातली वाट अंधाऱ्या दरीतूनच जाते. मेंढपाळ बरोबर असतो; दरी चुकत नाही.

राहता राहिला तो धडधाकट मुलगा. त्याची गोष्ट येशूने विसरून सोडली नाही. त्याच अध्यायात, त्याच श्रोत्यांना, पुढे उधळ्या पुत्राची कथा येते. धाकटा सारे उधळून परत येतो, घरात मेजवानी सुरू होते. थोरला शेतावरून येतो आणि रागाने बाहेरच थांबतो. इतकी वर्षे राबलो, मला कधी एक करडू तरी दिलेस का, अशी त्याची तक्रार. बाप त्याला दटावीत नाही. भरली पंगत सोडून तो बाहेर येतो आणि त्याची विनवणी करतो. नव्व्याण्णवांतला तो एक उंबऱ्याबाहेर उभा आहे, आणि बाप त्याच्यासाठीही निघून आला आहे. पुढे थोरला आत गेला की नाही, ते लूकने लिहिलेले नाही.