लौकिक आणि शील

गेलेला लौकिक परत मिळतो काय, आणि मिळाला तरी त्यामुळे झालेला अन्याय भरून निघतो काय? नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाची ‘द स्कार्लेट लेटर’ ही १८५० साली प्रसिद्ध झालेली कादंबरी वाचताना हा प्रश्न आम्हांस पुनःपुन्हा पडला.

कथा सतराव्या शतकातील बोस्टन नगरातील आहे. तेथे कडव्या प्युरिटन पंथीयांची सत्ता होती. पती दूर असता हेस्टर प्रिन हिला कन्या झाली. अधिकाऱ्यांनी तिला तान्ह्या मुलीसह तीन तास भर चौकात चबुतऱ्यावर उभे केले, आणि व्यभिचारवाचक इंग्रजी शब्दाचे ‘ए’ हे आद्याक्षर जन्मभर छातीवर बाळगण्याची शिक्षा दिली. मुलीच्या पित्याचे नाव तिने सांगितले नाही. तो नगराचा पूज्य धर्मोपदेशकच होता. त्याचा लौकिक मात्र वाढतच गेला.

हेस्टर भरतकामावर निर्वाह करू लागली. तिने दुखणेकऱ्यांची शुश्रूषा केली, गरिबांस अन्न दिले. सात वर्षांत लोक त्याच अक्षराचा अर्थ ‘एबल’, म्हणजे समर्थ, असा करू लागले.

कोणी म्हणेल, समाजाने अखेर न्याय केला. आम्हांस तसे वाटत नाही. गव्हर्नराच्या पोशाखास, बाळाच्या टोपड्यास, मृताच्या कफनासही तिचे भरतकाम चाले. वधूच्या शुभ्र अवगुंठनास मात्र ते कधी चालले नाही. परगावच्या माणसास लोक तिला अभिमानाने दाखवीत, आणि लागलीच जुनी गोष्ट त्याच्या कानी घालीत. अक्षराचा अर्थ पालटला. ते लावणाऱ्यांची मने पुरती पालटली नाहीत.

हेस्टर निंदेने खचली नाही, तशी स्तुतीने हुरळलीही नाही. वाटेत कोणी आदराने बोलू लागले, तर ती अक्षरावर बोट ठेवून पुढे जाई. अधिकारी ते काढून टाकण्याची अनुमती देण्याच्या विचारात आहेत असे कळले, तेव्हा ते त्यांच्या हाती नाही, असेच तिने म्हटले. बोस्टन सोडून गेल्यावर अनेक वर्षांनी ती स्वेच्छेने परतली, तेच अक्षर तिने पुन्हा धारण केले, आणि दुःखी स्त्रिया सल्ला मागण्यास तिच्या दारी येऊ लागल्या.

लौकिक लोकांच्या जिभेवर वसतो, शील आपल्या आचरणात. परंतु एवढे म्हटल्याने आपली सुटका होत नाही. जिच्या सेवेचा आपण लाभ घेतो, तिला मंगलकार्याच्या वेळी दूर ठेवतो काय, हे प्रत्येक कुटुंबाने तपासून पाहावे. कलंक लागलेलीने आपली योग्यता सात वर्षे सिद्ध केली. कलंक लावणाऱ्यांनी आपली कधी सिद्ध करावयाची?