वरच्या घरातून येणारी ओल

एप्रिल उजाडला की घरदुरुस्तीवरचे सल्ले सुरू होतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, मोबाइलवरच्या चित्रफितींत, नातेवाइकांच्या बोलण्यात सूर एकच असतो. कामांची यादी करा, बजेट ठरवा, कारागिरावर विसंबून राहू नका, जमेल तेवढे स्वतः करायला शिका, म्हणजे ताण येणार नाही. या सल्ल्यात खोटे काही नाही. पण भाईंदर पूर्वेत राहणाऱ्या माणसाला तो ऐकवणे मला उथळ वाटते, आणि उथळपणापेक्षाही अन्यायाचे वाटते. घर दुरुस्त करताना माणूस खचतो तो त्याच्या अंगी शिस्त नाही, हाताला काम येत नाही म्हणून, हे या सल्ल्याने आधीच गृहीत धरलेले असते.

नवघर रोड, खारीगाव, गोडदेव, केबिन रोड या भागांतल्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती डोळ्यांसमोर आणा. त्यातल्या कित्येक गेल्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत उभ्या राहिल्या. काही तर १९८५ साली नगरपालिका येण्याच्या सुमारास किंवा त्याआधी. महानगरपालिका झाली ती २००२ मध्ये. गिरगाव, लालबाग, परळ सोडून आलेल्या कुटुंबांनी इथे वन रूम किचन घेतले, कुणी गिरणीचे पैसे घातले, कुणी दागिने मोडले. एका बाजूला मिठागरे, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी, आणि वर्षातले चार महिने पाऊस. खारी हवा काँक्रीटच्या बारीक भेगांतून सळईपर्यंत पोचते. गंजलेल्या लोखंडाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून सळई फुगते आणि खालचा गिलावा ढकलून पाडते. छताला आधी पिवळट डाग, मग पोपडे, मग एके रात्री भिंत कोसळल्याएवढा आवाज करत पडलेला गिलाव्याचा तुकडा, ही या वस्तीत दर पावसाळ्याला ऐकू येणारी गोष्ट आहे.

आता या घरातल्या माणसाने स्वतः काय करावे? डाग पडला आहे त्याच्या न्हाणीघराच्या छताला. पाणी मात्र येते वरच्या मजल्यावरच्या न्हाणीतून. तिथला नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीखालचे भांडे, जुना झाला आहे, किंवा लाद्यांच्या फटींतले सिमेंट झिजले आहे, किंवा खोलगट स्लॅबमध्ये भरलेल्या विटांच्या तुकड्यांत महिनोन्‌महिने पाणी साचून राहिले आहे. ज्या घरात ओल दिसते तिथे दुरुस्त करण्यासारखे काही नसते, आणि जिथे दुरुस्ती करायची त्या घरात ओल दिसत नाही. मला जे काही म्हणायचे आहे ते एवढ्या एका भेदावर उभे आहे, आणि घरदुरुस्तीच्या ताणावरची आजची सगळी चर्चा हा भेद न पाहता चालते.

‘स्वतः करा’ म्हणणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण तिच्यात एक मोलाची गोष्ट आहे. आपल्या मध्यमवर्गाला हातकामाची लाज वाटत आली आहे. गवंडी, सुतार, नळवाला यांना आपण दारात उभे करतो, त्यांच्या चहाला वेगळा कप ठेवतो, आणि नळाचा वॉशर बदलता येत नाही हे जणू प्रतिष्ठेचे लक्षण म्हणून सांगतो. या पार्श्वभूमीवर एखादी मुलगी ड्रिल हातात घेऊन भिंतीला फळी बसवते, एखादे आजोबा फ्लशची टाकी स्वतः उघडून दुरुस्त करतात, तेव्हा त्यात जातीच्या आणि वर्गाच्या जुन्या घमेंडीला छेद जातो. ते मला मनापासून मान्य आहे. माझा वाद पुढच्या पायरीशी आहे. ‘मला करता येते’ यातून ‘म्हणून जबाबदारी माझी’ असा निष्कर्ष गुपचूप काढला जातो, आणि तिथे हा विचार फसतो.

हा विचार ज्या घरासाठी जन्मला ते घर वेगळे होते. ब्रिटनमध्ये बी अँड क्यू १९६९ साली निघाले, अमेरिकेत होम डेपो १९७८ साली. त्या दुकानांच्या गिऱ्हाइकाला डोक्यावर स्वतःचे छप्पर होते, पायाखाली स्वतःची जमीन होती आणि मजुरी परवडत नव्हती. छप्पर गळले तर भिजणारा तोच आणि शिडी लावून वर चढणाराही तोच. आपल्याकडेही असे घर होते. कोकणात मृगाआधी शाकारणी व्हायची, शेजारी हाताला हात लावायचे, फुटकी कौले बदलायची आणि पागोळ्या कुठे पडतात ते सगळ्यांना दिसायचे. चाळीत छप्पर मालकाचे झाले. मालक दुरुस्ती करीनासे झाले तेव्हा बेडेकर समिती बसली आणि १९६९ च्या कायद्याने मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ आले. भाईंदरशी त्याचा संबंधच नाही. तोवर १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याच्या छायेत फ्लॅट आलेला होता. कागदावर मालक झालेल्या माणसाच्या हाती आल्या चार भिंतींमधला अवकाश आणि एक शेअर सर्टिफिकेट. त्याची जमीन खालच्याचे छत आहे आणि त्याचे छत वरच्याची जमीन आहे. त्या सहा इंची स्लॅबच्या दोन बाजूंना दोन कुटुंबे राहतात, आणि दोघांनाही ती आपलीच वाटते.

अशा घरात स्वतः केलेली दुरुस्ती पुष्कळदा नुसती निरुपयोगी ठरत नाही, तर इजा करते. खालचा माणूस काय करू शकतो? पोपडे खरवडतो, वॉटरप्रूफिंगचे रसायन खालून चोपडतो, पुट्टी भरतो, वर रंग देतो. ऐपत असेल तर पीओपीचे खोटे छत बसवतो. पाणी तर वरून येतच असते. बाहेर पडायला वाव न मिळाल्याने ते स्लॅबमध्येच मुरते आणि सळई आणखी गंजते. फरक एवढाच की आता गंज कुणाला दिसत नाही. पुढे जो तुकडा पडतो तो खोटे छत घेऊनच पडतो.

वरच्या मजल्यावरचे उदाहरणही पाहू. जुनी मोझॅक लादी कंटाळवाणी दिसते. ती उखडण्याचा खर्च आणि राडारोडा वाचावा म्हणून तिच्यावरच दोन इंच माल टाकून नवी टाइल बसवली जाते. या थराचे वजन चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास जाते. शंभर चौरस फुटांच्या खोलीत एक टनाहून जास्त. राहत्या खोलीच्या जमिनीवर माणसे आणि सामान यांचा भार भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो धरतात. म्हणजे पलंग, कपाट, पाहुणे यांच्यासाठी ठेवलेल्या ताकदीतला अर्ध्याहून अधिक वाटा त्या टाइलने कायमचा घेतला. घरमालकाने काम उत्तम केलेले असते, टाइलच्या रेषा सरळ असतात. आणि खालच्या कुटुंबाला आपल्या डोक्यावर काय वाढले ते कळलेलेही नसते. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली, १७ माणसे गेली. तळमजल्यावरच्या फेरफारांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. तो खांब ज्याच्या जागेत होता त्याच्या एकट्याचा नव्हता. तो वरच्या प्रत्येक घराचा होता.

यावर एक उत्तर येईल, मी ते ऐकलेले आहे. दुरुस्तीबरोबर संवादाचे कौशल्यही शिका, शेजाऱ्याशी गोडीत बोला. हे उत्तर मला सगळ्यांत जास्त खटकते. खालची बाई जिना चढून वर जाते. ‘वहिनी, आमच्या न्हाणीच्या छताला ओल आलीय, तुमच्याकडून येतंय.’ वरची म्हणते, ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे, येऊन बघा ना.’ दोघी खरे बोलत असतात. खालची जे मागते आहे त्याचा अर्थ पाहा. वरच्या कुटुंबाने आपली एकुलती न्हाणी फोडायची, आठ-दहा दिवस अंघोळीला दुसरीकडे जायचे, धूळ खायची, वीस-पंचवीस हजारांचा खड्डा सोसायचा, आणि हे सगळे त्यांना स्वतःला कधीही न दिसलेल्या डागासाठी. इथे गोड बोलणे कितीसे पुरणार? वरचीने नकार दिला तर ती दुष्ट ठरत नाही. तिला मुलांची परीक्षा आहे, सासऱ्यांना रात्री तीनदा उठावे लागते. त्या दोघींत जी अढी बसते ती स्वभावामुळे बसत नाही, इमारतीच्या रचनेमुळे बसते. आणि मग आपण म्हणतो, घरदुरुस्तीचा ताण आला. हा ताण मागण्याचा आहे. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या खर्चाने, आपल्यासाठी तोडफोड मागण्याचा. हातोडी चालवायला शिकून तो कमी कसा होणार? बहुतेक घरांत ही मागणी करायला वर जाते ती बाई, आणि नकार ऐकून खाली येते तीही तीच, याचाही विचार सल्ला देणाऱ्यांनी केलेला नसतो.

कंत्राटदार फसवतात म्हणून ताण येतो, हे खरे आहे आणि अपुरे आहे, कारण प्रामाणिक कंत्राटदारालाही वरची न्हाणी फोडायला परवानगी लागतेच. रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग दुरुस्ती कशाला, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगेन की जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालेले नाही, बिल्डर सापडत नाही अशा इमारतीला ते कधी होईल हे कुणी सांगू शकत नाही, आणि पाऊस दर जूनला येतो. खाडीपलीकडे विरारमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये पडला आणि १७ जणांचा जीव गेला. त्यानंतर तरी ‘थांबू या’ हा सल्ला जपून द्यावा.

कायदा इथे काय म्हणतो? तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी महानगरपालिका कायद्याने बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी गच्चीची गळती, पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेच्या खर्चात टाकतात. घरातल्या न्हाणी, संडास, सिंक यांची गळती मात्र संबंधित सभासदावर सोडतात. माझा आक्षेप नेमका या रेघेवर आहे. गच्ची फुटली तर खालचे सगळे पैसे भरतात, कारण पाणी खाली येणार हे उघड आहे. तिसऱ्या मजल्यावरची न्हाणी फुटली तरी पाणी खालीच येते. गच्ची सामाईक आणि न्हाणी खासगी, ही विभागणी मालकीच्या कागदावरून केलेली आहे. पाण्याच्या वाटेवरून ती केली असती तर रेघ वेगळ्या जागी पडली असती. नळवाले हे आपल्यापेक्षा चांगले ओळखतात. ते घर क्रमांक विचारत नाहीत, ‘कुठली लाइन?’ विचारतात. १०१, २०१, ३०१, ४०१ ही त्यांच्या लेखी चार घरे नसतात, एक लाइन असते.

दुरुस्तीचे एकक ही उभी लाइन मानावे, असे माझे म्हणणे आहे. चारही न्हाण्यांत पाणी भरून चोवीस तास ठेवायचे, खाली काय होते ते चौघांनी मिळून पाहायचे, दोषी कोण हा प्रश्न बाजूला ठेवून गरज असेल तिथे एकदमच काम काढायचे, आणि खर्च संस्थेच्या दुरुस्ती निधीतून करायचा. ज्याची न्हाणी ठणठणीत आहे तो विचारेल, मी का भरू? तळमजल्यावरचा माणूस गच्चीचे पैसे भरतो, त्याच न्यायाने. एकाच गवंड्याला लागोपाठ चार कामे मिळाली तर तो नीट माणसे लावतो, आणि एक न्हाणी बंद असेल तेव्हा लाइनमधल्या दुसऱ्या घराची न्हाणी त्या कुटुंबासाठी मोकळी ठेवता येते. मुख्य म्हणजे कुणाला जिना चढून मागायला जावे लागत नाही. मागणी संस्थेची होते.

अडचण पैशांची आहे, हे मी लपवत नाही. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के असायला हवा. हा खर्च इमारत बांधली तेव्हाचा धरला, समजा एक लाख, तर एका घरामागे वर्षाला साडेसातशे रुपये जमतात. त्यात एका न्हाणीचा नहाणी ट्रॅप आणि मजुरीही धड होत नाही. पण ०.७५ ही किमान मर्यादा आहे. दर वाढवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे आणि तो तिने वापरायला हवा. दुसरी अडचण कुलूपबंद घराची. मालक राजस्थानात किंवा परदेशात, भाडेकरू सोडून गेलेला. सचिवाला पूर्वसूचना देऊन घर पाहण्याची मुभा उपविधींत आहे. तोडकामाची संमती मात्र मालकाकडूनच, ठरावाच्या प्रतीसह, लेखी मागवावी लागेल, आणि तीही वेळ राखून. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होते. ठराव तेव्हाच झाला, पाणी भरून तपासणी दिवाळीनंतर झाली आणि तोडफोड दहावी-बारावीच्या परीक्षांआधी आटोपली, तर मार्चमध्ये नव्या लाद्यांवर पुन्हा एकदा पाणी भरून पाहायला पुरेसा अवधी राहतो.