येत नाही, तरी लिहावं

दत्तजयंतीच्या अंकासाठी चार ओळी लिहा, असं मंडळींनी सांगितलं आणि पोटात गोळाच आला. तारकर्लीत जन्म गेला. लिहिलं ते फक्त हिशेबाच्या वहीत. लोक हसतील ना? घरातून आवाज आला, "लिवा ओ, चुकला तर चुकला!"

सप्ताहासाठी श्रीगुरुचरित्र काढलं आणि ग्रंथकर्त्यांच्या एका कबुलीपाशी थबकलो. सरस्वती गंगाधर मूळचे कानडी भाषिक. मराठी आपल्याला येत नाही, असं ते स्वतःच सांगतात. तरी पन्नासहून अधिक अध्याय त्यांनी मराठीतच लिहिले, आणि आज घरोघरी त्याचं पारायण होतं.

'येत नाही' ते म्हणाले, मीही म्हणतो. मग फरक कुठे? ते गुरूंवर भार टाकून लिहीत गेले. मी मात्र तेवढं म्हणून गप्प बसलो. माझ्या भीतीला मी नम्रता समजत होतो. खरं पाहता 'मला हसतील' यात मोठा होतो तो मीच!

भीती गेल्यावर होडी लोटायची म्हटलं, तर ती वाळूवरच कुजेल. लोटल्यावरच हात सरावतो.

म्हणून वाचकहो, या चार ओळी. चूकभूल महाराजांच्या पायी.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥