अर्धी प्रार्थना

यंदा नाताळला वसईला गेलो तेव्हा घरात बाबा नव्हते. एप्रिलमध्ये ते गेले. बाकी सगळं जागच्या जागी होतं. ओसरीवर गोठ्याचा देखावा होता, चांदणी लागली होती, स्वयंपाकघरात आईची आणि वहिनीची लगबग चालू होती. संध्याकाळच्या रोझरीला मात्र बाबांची खुर्ची रिकामी राहायची. माळ नेहमी तेच सांगायचे. तेवीस तारखेला आई म्हणाली, "उद्या तू सांग. मोठा आहेस."

मी 'हो' म्हटलं. माझा देवावरचा विश्वास संपून बारा वर्षं झाली आहेत, हे मी आईला कधीच सांगितलेलं नाही. बंगळुरूला असल्यामुळे तशी वेळही आली नाही.

बाबा मराठीचे शिक्षक होते. नाताळच्या सुट्टीत एका रात्री 'संत तुकाराम' पाहायचा, हा त्यांनी घातलेला पायंडा. आम्ही कॅथलिक घरातली मुलं १९३६ सालचा प्रभातचा हा चित्रपट पाहत वाढलो. यंदाही पाहिला. भाचीने मध्येच विचारलं, "मामा, या नटाचा खरंच विठ्ठलावर विश्वास होता का?"

विष्णुपंत पागनीस त्याआधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. या चित्रपटानंतर लोक त्यांच्याच पाया पडू लागले. त्यांच्या मनात काय होतं, हे मला कसं कळणार? पण भाचीचा प्रश्न माझ्यासाठीच होता असं वाटलं. नट खोटं बोलत नाही, कारण तो नट आहे हे समोरच्याला ठाऊक असतं. उद्या मी माळ हातात घेईन तेव्हा आईला ते ठाऊक नसेल. म्हणजे ती सवलत मला नाही.

सगळे झोपल्यावर मी इंगमार बर्गमनचा 'विंटर लाइट' (१९६३) पुन्हा पाहिला. त्यातला पाळक टोमास याचा विश्वास उडालेला आहे. जगाच्या भीतीने खचलेला एक कोळी आधार मागायला येतो आणि टोमास त्याच्यापुढे स्वतःचाच अविश्वास ओततो. थोड्याच वेळात कोळी जीव देतो. शेवटी जवळजवळ रिकाम्या चर्चमध्ये तोच टोमास उपासना सुरू करतो. पूर्वी मला हा शेवट ढोंगाचा वाटायचा. या वेळी तसं वाटलं नाही. कोळ्यापुढे टोमास खरंच बोलला होता. पण ते खरं त्याने स्वतःला हलकं करण्यासाठी वापरलं.

पास्कलने अविश्वासू माणसाला सल्ला दिला होता: विश्वास असल्यासारखं वागायला लाग, विश्वास मागून येईल. मला तो मागून यायला नको आहे. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. ज्यांच्याबरोबर वाढलो त्यांच्या प्रार्थनेत विश्वासाशिवाय किती पुढे जाता येतं?

चोवीसच्या संध्याकाळी उत्तराचा थोडा भाग सापडला. माळेच्या सुरुवातीला विश्वासाची कबुली देणारी प्रार्थना असते. तिथे बोलणारा 'मी' असतो. ती मी आईलाच सुरू करायला सांगितली आणि स्वतः गप्प राहिलो. पुढे 'नमो मारिया' पन्नास वेळा येते. सांगणारा अर्धी म्हणतो, बाकीचे उरलेली अर्धी. माझ्या वाट्याचा अर्धा भाग म्हणजे नमस्कार. मागणं दुसऱ्या अर्ध्यात, आणि तेही 'आमच्या'साठी. माझ्या अर्ध्या वाक्याला आईचा थकलेला आवाज, भावाचा जाड आवाज आणि भाचीचा घाईचा आवाज पूर्ण करत होते. बाबांच्या मागे थांबलेलं काहीतरी पुन्हा चालू झालं. तिथे मला खोटेपणा वाटला नाही.

मध्यरात्रीच्या मिस्साला मात्र ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मी उभा राहिलो नाही. तिथे धर्मगुरू एकेकाला विचारल्यासारखं सांगतात आणि 'आमेन' ज्याचं त्याने म्हणायचं असतं. ते अर्धं म्हणता येत नाही. आई परत येताना माझ्या बाकाजवळ क्षणभर थबकली.

सकाळी चहा ओतताना तिने विचारलं, "माळ सांगताना तुझं मन कुठे होतं?"

"बाबांपाशी."

"आणि रात्री बाकावर?"

मी काही बोललो नाही.

"बरं," ती म्हणाली. "आज सणाचं नको. पण मी विचारणार आहे."

तिने विचारलं की खरं सांगायचं, एवढं ठरलं आहे. 'आमी' आणि 'मी' यांच्यात मी जी रेघ ओढली ती मला पटते. पण ती आईपासून लपवूनच ओढली होती. तेवढ्यापुरता मी नटच होतो, आणि प्रेक्षकाला ते ठाऊक नव्हतं. टोमासची चूक मला करायची नाही. स्वतःला हलकं करायला नव्हे, तर तिने विचारलं म्हणून सांगायचं. त्यानंतरही पुढच्या नाताळला ती माळ माझ्याच हातात देईल का, हे ठरवायचा हक्क तिचा आहे.